नॉर्थफ्लीटच्या भट्टीतला सौदा

इंग्लंडच्या केंट परगण्यात, थेम्सकाठी नॉर्थफ्लीट येथे विल्यम ॲस्पडिनच्या 1840च्या दशकातील सिमेंटभट्टीचे अवशेष आहेत. 'पोर्टलँड सिमेंट'चे पेटंट त्याच्या वडिलांनी, जोसेफ यांनी, 1824मध्येच घेतले होते. तरीही आजच्या सिमेंटची खरी खूण या भट्टीतच सापडते. खडू-चुनखडी आणि नदीचा गाळ यांचे वाळवलेले मिश्रण कोकच्या थरांसोबत भट्टीत रचायचे, काही दिवस जाळायचे आणि निवल्यावर माल हाताने बाहेर काढायचा, अशी रीत होती. त्यात अर्धवट वितळून दगडासारखे झालेले काळपट गोळे, म्हणजे क्लिंकर, निघत. जात्यावर दळायला जड म्हणून ते आधी बाजूला पडत. पुढे कळले, की ताकद त्यांच्यातच आहे.

कारण रासायनिक आहे. कमी आचेवर प्रामुख्याने बेलाइट हे संयुग तयार होते. त्याला बळ सावकाश येते. आच 1400 अंश सेल्सिअसच्या आसपास गेली आणि चुन्याचे प्रमाण वाढवले, की एलाइट हे दुसरे संयुग तयार होते आणि त्याला काही दिवसांतच बळ येते. बेलाइटमध्ये चुना सुमारे 65 टक्के, तर एलाइटमध्ये 74 टक्क्यांच्या घरात. लवकर येणाऱ्या बळाची किंमत अशी चुन्यात आणि आचेत मोजली गेली.

हा चुना मिळवताना शुद्ध चुनखडीच्या दर 100 किलोंमागे 44 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तो इंधनाचा नव्हे, दगडाचाच. सिमेंटभट्टीच्या उत्सर्जनाचा साधारण 60 टक्के भाग हाच असल्याने, उद्या भट्टी पूर्णपणे स्वच्छ विजेवर चालवली तरी तो सुटत नाही. बेलाइटकडे वळल्यानेही बचत मर्यादितच होते, हे मान्य करायला हवे. मोठी बचत क्लिंकरचे प्रमाणच घटवून त्याजागी राख वा स्लॅग मिसळण्यात आहे. पण ही राख औष्णिक वीजकेंद्रांतून येते, स्लॅग लोखंडाच्या झोतभट्ट्यांतून. चंद्रपूरसारख्या ठिकाणी वीजकेंद्र आणि सिमेंट कारखाने एकाच जिल्ह्यात आहेत, म्हणून हा आधार कायमचा वाटतो. कोळसा मागे पडला, की तोही आटेल.

त्याहून चिवट अडथळा मोजमापाचा आहे. आपल्याकडे सिमेंटची ताकद 3, 7 आणि 28 दिवसांनी तपासतात, आणि बांधकामाच्या जागी शटरिंग कधी काढता येईल यावर पुढच्या मजल्याचा खर्च ठरतो. राख वा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटला 28 दिवसांनंतरही बरेच बळ येत राहते; पण 28 दिवसांच्या आकड्यात ते धरलेले नसते.