चांदची तारीख आणि समुद्र

यंदा सुटीत मुरूड-जंजिऱ्याला जायचे ठरले. मुलांनी कपड्यांच्या पिशव्या भरल्या. आम्ही आधी चांदची तारीख पाहिली. चांदच्या महिन्याच्या सुरुवातीला आणि चौदा-पंधरा तारखेच्या आसपास भरती-ओहोटी सर्वांत मोठी असते.

पण चांद अर्धा असला म्हणून समुद्र निर्धोक होत नाही. 1 फेब्रुवारी 2016 रोजी चांद अर्धाच होता. त्या दिवशी याच मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याचे 14 विद्यार्थी बुडाले. त्यांच्या घरच्यांनीही अशाच पिशव्या भरून दिल्या असतील.

आमच्या बेसा-नागपूरच्या मुलांना पाणी माहीत ते अंबाझरीचे, एका जागी थांबलेले. समुद्राचे पाणी परतताना पायाखालची वाळूही ओढून नेते. म्हणून घरी ठरवले: पोहोचल्यावर आधी गावातल्या कोळ्यांना विचारायचे. ओहोटीत पाण्यात उतरायचे नाही. भरतीतही घोट्यापुढे जायचे नाही. पाण्याने आत ओढलेच तर त्याच्याशी झगडायचे नाही. किनाऱ्याला समांतर सरकायचे, हात वर करून हाक मारायची.

आधी उंट बांधावा, मग तवक्कुल करावे, हे आपण मुलांना लहानपणापासून सांगतो. किनाऱ्यावर उंट बांधायचा तो असा.