भिंतीवरचे परके पूर्वज

घर सजवणारी मंडळी हल्ली भिंतीवर छायाचित्रे 'लावत' नाहीत, ती 'क्युरेट' करतात. शब्दाबद्दल आमची तक्रार नाही. त्याच्या मुळाशी लॅटिनमधील 'काळजी घेणे' हा अर्थ आहे. आमचा आक्षेप असा की, शब्द घरात आला आणि काळजी तेवढी बाहेर राहिली.

दिवाणखान्यात काय दिसते ते पाहावे. सोफ्याच्या रंगाशी जुळणाऱ्या चौकटी, पॅरिसचा एखादा पावसाळी रस्ता आणि मुंबईच्या चोरबाजारातून आणलेला कुणा अनोळखी पगडीवाल्याचा तपकिरी फोटो. स्वतःची आजी मात्र माळ्यावरच्या ट्रंकेत. तिच्या फोटोला चंदनाचा हार होता आणि हार 'थीम'मध्ये बसत नाही. दुसऱ्याचे आजोबा चालतात, कारण त्यांचे आपल्यावर कसलेच ऋण नसते.

रोलाँ बार्थ यांनी 'कॅमेरा ल्युसिडा' (१९८०) या पुस्तकाच्या उत्तरार्धातील चिंतन आईच्या बालपणीच्या एका छायाचित्राभोवती उभे केले, आणि नेमके तेच छायाचित्र पुस्तकात छापले नाही. इतरांच्या लेखी ते एक सामान्य चित्रच ठरले असते, ही त्यामागची भूमिका. निवड म्हणावी ती हिला. सजावटीचा बाजार याच्या उलट चालतो: ज्या चित्राची जखम घरात कुणालाच नाही, ते तो अगत्याने टांगतो.

यावर कुणी म्हणेल, जुनी भिंत तरी कुठे निष्पाप होती? नव्हतीच. मधोमध कर्ते पुरुष, बायका लग्नाच्या फोटोपुरत्या, आणि विधवा आत्या कुठेच नाही. तेही संपादनच होते, आणि क्रूर होते. परंतु त्या संपादनाशी भांडता येत असे. गाळलेल्या आत्याविषयी नात घरातल्यांना जाब विचारू शकत असे. विकत आणलेल्या पगडीवाल्याविषयी ती कुणाला काय विचारणार?

कवितांचा प्रातिनिधिक संग्रह सिद्ध करताना एखाद्याने मुखपृष्ठाच्या रंगाला शोभतील एवढ्याच कविता घेतल्या, तर त्याला आपण संपादक म्हणू काय? मग भिंतीपाशी हा निकष का सुटावा?

आमचे म्हणणे साधे आहे. ट्रंक खाली काढावी. मूळ प्रत उन्हापासून जपून ठेवावी, भिंतीवर नक्कल लावावी. मागच्या बाजूस शिसपेन्सिलीने हलक्या हाताने नाव, गाव, साल लिहावे, आणि हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ती माणसे आहेत तोवर विचारून घ्यावे. ती आत्या कुठल्या समूहचित्राच्या कडेला उभी असेल, तर तिला शोधून मधोमध आणावे. नाही तर आपल्याही फोटोंना एक दिवस चोरबाजाराची वाट आहेच. तेही कुणाच्या तरी सोफ्याला शोभून दिसतील.