खाड्याचा हिशेब

माणसाच्या रोजच्या सवयींतून त्याची मूल्ये दिसतात, असे आपण सहज म्हणतो. अर्थशास्त्रातही याच जातीचा एक विचार आहे. ग्राहकाच्या मनात शिरण्याचे कारण नाही, तो काय निवडतो यावरून त्याची पसंती कळते, असे पॉल सॅम्युएल्सन यांनी १९३८ मध्ये मांडले. हा सिद्धान्त वर्गात शिकविताना मी त्यातील एका अटीवर नेहमी भर देत असे : ही निवड उत्पन्नाच्या आणि किमतींच्या मर्यादेतच होते. ही अट विसरली की गरिबांविषयी तुच्छता तेवढी उरते.

ऊसतोडणीला निघालेले कुटुंब मुलाला शाळा सोडायला लावून बरोबर नेते. त्याला शिक्षणाचे मोल कळत नाही, असा याचा अर्थ नव्हे. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते आणि मुलाला मागे सांभाळणारे कोणी नसते. तेथे सवय मूल्य सांगत नाही, परिस्थिती सांगते. म्हणून ही कसोटी ज्याला निवडीचे स्वातंत्र्य आहे त्यालाच लावावी. म्हणजे प्रथम आपल्यासारख्या मध्यमवर्गीयांना.

तीही जेथे मूल्य पाळण्यासाठी दरमहा पैसे मोजावे लागतात तेथे लावावी. खादीचा सदरा घालणे फारसे महाग नाही. घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईचे खाडे न कापणे मात्र खिशाला लागते. १९७२ मध्ये बाबा आढावांनी 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ उभी केली. तिचे कौतुक करणाऱ्या घरांतही बाईचा चहाचा कप वेगळा ठेवलेला आढळतो. महाराष्ट्रात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांती हा त्यांचा हक्क आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ च्या कराराने मान्य केला. भारताने त्या कराराला अद्याप अनुमोदन दिलेले नाही. पण आपल्या घरात पगारी साप्ताहिक सुट्टी देण्यासाठी सरकारच्या सहीची गरज नाही.

वैयक्तिक सदाचाराने व्यवस्था बदलत नाही, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो खरा आहे. मजुरीचा दर मालकाच्या दयेवर सोडता येत नाही; त्याला कायदा आणि संघटनाच हवी. परंतु मोलकरणीचा दर इमारतीतील घरे आपसांत ठरवितात, हेही तितकेच खरे. एका घराने पगार वाढविला की शेजारी म्हणतात, "तुम्ही भाव बिघडवता." म्हणजे ही सवय खाजगी नाहीच, ती मजुरीच्या बाजारातील कृती आहे.

कामगारांच्या भरपगारी रजेसाठी आपण मोर्चे काढले. तीच रजा आपल्या घरातील कामगाराला मिळते का, हे महिनाअखेरीस पगार हाती देताना प्रत्येक कार्यकर्त्याने पाहावे. मग शेजाऱ्यांशीही त्याविषयी बोलावे.