फुकटची हमाली?

रात्री दहाला ऑफिसातून दमून आलेला माणूस काय करेल? जेवेल, टीव्ही लावेल, झोपेल. माझा रूममेट मात्र पुन्हा लॅपटॉप उघडून कोड लिहीत बसतो. ओपन सोर्ससाठी. पगार शून्य!

‘अरे, वेड लागलंय का तुला? अप्रायझलमध्ये तरी याचे मार्क मिळतात का?’ मी एकदा विचारलंच.

तो हसला. ‘तू दर रविवारी गड चढतोस, त्याचे पैसे कोण देतं?’

आपली बोलती बंद.

मग जरा खोदून पाहिलं. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स या हेलसिंकीतल्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्स सुरू केलं, तेही हौस म्हणून. आज आपला अँड्रॉइड फोन त्याच्यावरच चालतो. २००५ मध्ये लाखानी आणि वुल्फ या संशोधकांचा ६८४ प्रोग्रामर्सचा सर्व्हे प्रसिद्ध झाला. त्यातल्या साधारण ४० टक्के लोकांना या कामाचे पैसे मिळत होते. तरी सगळ्यांत जोरदार कारण निघालं ते म्हणजे डोकं चालवण्यातली मजा! स्वतःची गरज आणि नवं शिकणं त्यानंतर.

पण हौसेलाही दम लागतो, बरं का. फाइल्स लहान करणारं ‘एक्सझेड’ हे सॉफ्टवेअर असंख्य सर्व्हर्सवर असतं. कित्येक वर्षं ते मुख्यतः एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. तो थकलेला, आणि वर लोकांचा तगादा. अशात एक ‘मदतनीस’ आला, विश्वास कमावला आणि २०२४ मध्ये त्याने त्यात चक्क चोरदरवाजा बसवला. पकडला आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्याच किड्यापायी!

म्हणजे हे लोक कामाला लागतात कुतूहलापोटी. टिकतात मात्र कुणीतरी सोबत असेल तर. आपण फुकट वापरणारे साधं ‘थँक्यू’ही म्हणत नाही.

परवा मला एका ओपन सोर्स प्रोग्रॅममध्ये ‘सेव्ह’चं मराठी ‘वाचवा’ केलेलं दिसलं. राहवेना. ‘जतन करा’ असं दुरुस्त करून पाठवलं. रात्री एक वाजता उत्तर आलं, स्वीकारलं! मी रूममेटला गदागदा हलवून उठवलं.

‘किती मिळाले?’ त्याने डोळे चोळत विचारलं.

काय सांगणार? मुकाट्याने चहा टाकला. दोन कप.