स्वच्छतेची सुरुवात उंबरठ्याच्या आत

शहर स्वच्छ ठेवायला नुसते झाडू आणि कचरागाड्या पुरत नाहीत. पुण्यात 1993 मध्ये कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली आणि 2008 मध्ये महापालिकेशी करार करून ती घरोघरचा कचरा गोळा करू लागली. दारातूनच कचरा उचलला गेला, की कोपऱ्यावर उकिरडा साचत नाही. मात्र ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा देण्याचे 2016 पासूनचे बंधन आजही सर्रास मोडले जाते. त्याचा त्रास कचरा निवडणाऱ्या हातांना होतो. महापालिकेने त्यांना हातमोजे, ढकलगाड्या आणि वर्गीकरणासाठी शेड वेळेवर द्यावेत. नागरिकांनीही फुटकी काच व सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वेगळे द्यावेत. यात दोघांनीही कसूर करू नये.