तीन पडदे, एक मान

गेमिंगसाठी दोन-तीन मॉनिटर मांडण्याची हौस आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. ओपीडीत पालक विचारतात ते डोळ्यांबद्दल: दोन स्क्रीनमुळे चष्म्याचा नंबर दुप्पट वाढेल का? तसा हिशेब नसतो. जास्त सोसावे लागते ते मानेला.

आधी फायद्याचे बोलू. दोन्ही डोळे मिळून आपल्याला आडवे सुमारे २०० अंश दिसते. पण बारीक अक्षर वाचण्याइतके स्पष्ट दिसते ते मधल्या दोनेक अंशांतच. कडेची नजर मुख्यतः हालचाल टिपते. म्हणून मोटारशर्यतीच्या किंवा विमान उडवण्याच्या गेममध्ये दोन्ही बाजूंना तिरपे लावलेले पडदे खरोखर उपयोगी पडतात: वेग जाणवतो, शेजारची गाडी दिसते. मात्र याच कारणाने काहींना मळमळते. डोळे सांगतात आपण धावतोय, कानातले तोलाचे यंत्र सांगते आपण खुर्चीत बसलोय. झगमगत्या प्रकाशाने ज्यांना फिट येते, त्यांनी तर हा प्रकार टाळावाच. असा प्रकाश नजरेचा जितका जास्त भाग व्यापतो, तितका धोका वाढतो.

नेमबाजीच्या गेमचे गणित वेगळे. दोन मॉनिटरवर चित्र ताणले की नेम धरायची जागा नेमकी दोन चौकटींच्या सांध्यावर येते. स्पर्धेत उतरणारे खेळाडू साधारण २४ इंचांच्या एकाच वेगवान पडद्यावर खेळतात, हे मुलांना सांगून पाहा. शिवाय एका फुल एचडी पडद्यावर सुमारे २१ लाख ठिपके असतात, तिनांवर ६२ लाख. एवढे रंगवायला महागडे ग्राफिक्स कार्ड लागते, नाहीतर गेम अडखळतो.

बहुतेक घरांत मात्र दुसरा पडदा असतो तो गप्पांसाठी आणि व्हिडिओसाठी, तोही एका बाजूला. डोक्याचे वजन जवळपास पाच किलो. मान एकाच बाजूला वळवून रोज तीन-चार तास बसले की स्नायू आखडतात, खांदा भरून येतो, डोके दुखते. असा तरुण आला की एक्स-रेआधी मी विचारतो, दुसरी स्क्रीन कोणत्या हाताला आहे?

मुख्य पडदा नाकासमोर, हातभर अंतरावर, वरची कड डोळ्यांच्या रेषेत असावी. दुसरा त्याला चिकटून, त्याच उंचीवर, किंचित आत वळवलेला. जास्त वेळ त्याच्याकडेच पाहायचे असेल तर खुर्चीच फिरवा. दुसरा पडदा म्हणून टेबलावर पसरलेला लॅपटॉप सर्वांत वाईट; मान वळतेही आणि वाकतेही. एरवी मिनिटाला १५-२० वेळा मिटणारी पापणी गेममध्ये त्याच्या निम्म्यानेही मिटत नाही, म्हणून दर २० मिनिटांनी खिडकीबाहेर लांब पाहावे.

हाताला मुंग्या येत असतील किंवा पकड ढिली वाटत असेल, तर मॉनिटर इकडेतिकडे हलवून पाहण्यात आठवडे घालवू नका. डॉक्टरांकडून मान तपासून घ्या.