पट्टा बांधून गाठ विरघळत नाही, साहेब!

चाकणच्या कामगाराची पाठ दुखली की उत्तर ठरलेलं: वजन उचललं असशील, गोळी घे, पट्टा बांध. बहुतेकांचं तेच असतं, मान्य. पण आडवं पडल्यावर वाढणारं दुखणं, पाय बधिर होणं, लघवीवरचा ताबा जाणं? मज्जारज्जूवरची गाठ साध्या एक्स-रेत दिसत नाही, एमआरआयच लागतो. श्वानोमा, मेनिंजिओमा या गाठी बहुधा कॅन्सरच्या नसतात. पाय चालते असताना काढल्या तर बहुतेक जण चालते राहतात.

ईएसआयसीला कामगार पगाराचे ०.७५ टक्के देतो, मालक ३.२५. त्यात २१ हजारांची मर्यादा २०१७ ची! बावीस हजारवाल्याने एमआरआय काय उसनवारीवर करायचा? कंपनीच्या दवाखान्यात गोळी देण्याआधी एवढं तरी विचारा, रात्री झोप लागते का?